शांत जखम

ड्रेसिंगच्या खोलीत कुणी ओरडत नाही, याचा पट्टीताईंना इतका अभिमान होता की ही गोष्ट त्या स्वतःहून कधी बोलून दाखवत नसत. ते काम दाराशी स्टूल टाकून बसणाऱ्या मावशींकडे होतं. एखाद्या नव्या पेशंटनं चेहरा पाडून विचारलं, "फार दुखतं का हो?" की मावशी त्याच्या हातात नंबराचा बिल्ला ठेवून म्हणत, "रडायचं असेल तर इथंच रडून घ्या. आत सोय नाही."

एकतीस वर्षं त्या खोलीत काढल्यावर ताईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळ्या दवाखान्याला त्या पट्टीताई. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. जखमेला चिकटलेली पट्टी त्या कधी ओढत नसत. तिच्यावर कोमट पाणी सोडायचं आणि थांबायचं, ही त्यांची रीत. थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं. त्या वेळात पेशंटला भलतंच काहीतरी विचारायचं, घरी पाणी किती वाजता येतं, मुलगी कितवीत आहे. तो उत्तर देण्यात गुंतला की पट्टी आपोआप हातात येई. मग जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड पेनानं गिरवायची, फूटपट्टीनं लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि नोंदवहीत लिहायची. शेवटच्या रकान्यात एकच शब्द. घाण, ओली, लाल, कोरडी, शांत. वर्गात शेऱ्यांची जशी चढती भाजणी असते तशी ही होती आणि 'शांत' हा त्यांच्या लेखी सर्वांत वरचा शेरा होता.

शांत जखमेचं रहस्य खिडकीत ठेवलेल्या एका लहानशा बाटलीत होतं. तेल घरचं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांपुढं एक अरुंद गॅलरी होती आणि तिच्यात रिकाम्या डब्यांतून झेंडूच्या जातीची केशरी फुलं लावलेली होती. फुलं सावलीत वाळवायची, पाकळ्या तेलात घालून तीन आठवडे उन्हात ठेवायच्या आणि गाळून घ्यायच्या. हे त्या आईसाठी शिकल्या. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा झाल्या, त्या लालबुंद होऊन ठणकायच्या आणि आई दिवसभर कण्हायची. भिंतीपलीकडचे शेजारी कधीकधी भिंतीवर थापा मारत. हे तेल लावायला लागल्यापासून लाली ओसरली, कण्हणं थांबलं, थापाही थांबल्या. आई जाऊन आता सहा वर्षं झाली होती. घरात कुणी कण्हत नव्हतं. एक ताट, एक वाटी, एक रेडिओ. कधी घट्ट बसलेलं डब्याचं झाकण उघडताना ताईंच्या तोंडून सवयीनं निघून जाई, "झालं हं, झालं, आता नाही दुखणार." मग त्या स्वतःशीच ओशाळत.

तेलाला दवाखान्याची लेखी परवानगी नव्हती. जुने मोठे डॉक्टर त्याकडं काणाडोळा करत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. सगळे त्यांना छोट्या डॉक्टर म्हणू लागले.

आता बाइंडरविषयी सांगायला हवं. तो अडुसष्ट वर्षांचा, उंच, वाकलेला. पुस्तकं बांधण्यात जन्म गेलेला माणूस. बायको वारलेली, मुलगा दूर. अकरा महिन्यांपूर्वी दाबयंत्राची लोखंडी पाटी निसटून त्याच्या नडगीवर पडली होती. तेव्हापासून तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी येई आणि मावशी त्याच्यासाठी चार नंबरचा बिल्ला राखून ठेवत.

"आज किती भरली, ताई?" तो बाकावर पाय लांब करून विचारी.

"भरतेय. तुम्हाला घाई कसली आहे?"

"मला कसली घाई! मोडलेल्या पाठीची पुस्तकं वाट बघतायत. तशी ती वर्षानुवर्षं वाट बघतात, त्यांना सवय आहे." मग तो नोंदवहीकडं बोट दाखवी. वहीचा कणा सुटला होता, पानं दोन्हीकडून बाहेर डोकावत. "ही बघा खरी जखम. हिला कधी टाके घालायचे?"

"ती दवाखान्याबाहेर न्यायची नाही."

"मग मी सुईदोरा घेऊन येतो. पेशंटनं डॉक्टरकडं यायचं हे ठीक, पण पेशंट हलवता येत नसेल तर डॉक्टरनंच जायचं."

असं वीस मिनिटं चाले. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांसाठी ताई मंगळवारी आणि शुक्रवारी इस्त्रीचा एप्रन घालत, हे मावशींच्या लक्षात आलं होतं. एरवी त्यांच्या जिभेला हाड नसे, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

छोट्या डॉक्टरांनी एका शुक्रवारी बाइंडरचा पाय पाहिला. पट्टी उघडली तशी ताईंनी थोडं अभिमानानंच डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघितलं. जखम देखणी होती. वास नाही, सूज नाही, आजूबाजूला लाली नाही. दाबलं तरी बाइंडर हूं की चूं करत नव्हता. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी मधुमेह विचारला, तो नव्हता. पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो चांगला होता. जखमेचा तुकडा मागेच तपासून झाला होता, त्यातही काही वाईट नव्हतं. बाइंडर गेल्यावर त्यांनी नोंदवही मागितली.

सुटी पानं होती म्हणून त्यांनी ती टेबलावर एकापुढं एक मांडली. एरवी वही उलटताना जे दिसलं नसतं ते मांडल्यावर दिसलं. साडेचार बाय तीन, शांत. साडेचार बाय तीन, शांत. पाच महिने तोच आकडा, तोच शेरा.

"ताई, ही जखम शांत नाही," छोट्या डॉक्टर हळूच म्हणाल्या. "ही झोपलीय."

ताईंनी चष्मा सारखा करून ती पानं पुन्हा एकदा वाचली.

"काय लावता हिला?"

ताईंनी बाटली पुढं केली. डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला, बोटावर थेंब घेतला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं. "या फुलात दाह कमी करणारी द्रव्यं असतात. आम्ही शिकताना काचेच्या ताटलीत पेशींचा थर वाढवायचो, त्यावर ओरखडा काढायचो आणि वनस्पतींचे अर्क घालून बघायचो, दोन्ही काठांच्या पेशी सरकत सरकत एकमेकींपर्यंत कधी पोचतात ते. काही अर्कांनी त्या लवकर पोचायच्या. तेव्हा तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही."

"मग?"

"जखम झाली की आधी लाल होते, गरम होते, सुजते. आपल्याला वाटतं ती बिघडतेय. पण शरीर तेव्हा माणसं बोलावत असतं. पांढऱ्या पेशी येतात, मेलेलं उचलून नेतात आणि बांधकाम करणाऱ्यांना हाक देतात. ते संपायला हवं हे खरं. संपलंच नाही तरी जखम सडत राहते. पण ते व्हायलाच दिलं नाही, तर पुढचं कोण येणार? यांच्या कडा बघा, गोल होऊन आत वळल्यात. पलीकडं काही भरायचं आहे हेच त्या विसरल्यात. कडा खरवडून ती परत ताजी करावी लागेल. आणि काही दिवस तेल नाही."

"दुखेल," ताई म्हणाल्या.

"दुखेल. आधी बधिर करू, पण नंतर ठणकेल."

त्या दिवशी घरी आल्यावर ताई चष्मा न काढताच खुर्चीत बसून राहिल्या. छोट्या डॉक्टरांनी पानं मांडली नसती तर? हा प्रश्न त्यांना छळत नव्हता. छळणारा प्रश्न दुसराच होता. उपचाराच्या सातव्या महिन्यात तो आकडा तिसऱ्यांदा लिहिताना त्यांचा हात क्षणभर थबकला होता. मोठ्या डॉक्टरांना दाखवावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात बाइंडरनं काहीतरी विनोद केला, त्या हसल्या आणि 'शांत' लिहून मोकळ्या झाल्या. एकतीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट. जखम भरली की चार नंबरचा बिल्ला दुसऱ्या कुणाला जाणार होता, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईना.

मंगळवारी डॉक्टरांनी कडा खरवडल्या. ताईंनी पाय धरला होता. सुई टोचली तेव्हा बाइंडर गप्प होता, पण काम संपता संपता त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेर मावशी स्टुलावरून उठल्या.

"हे काय, ताई!" घाम पुसत तो म्हणाला. "अकरा महिने लोण्यासारखा हात आणि आज एकदम खाटीक?"

"चार दिवस ठणकेल. लाल होईल. घाबरायचं नाही. पट्टीला हात लावायचा नाही. शुक्रवारी या."

"तेल?"

"तेल नाही."

त्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं, की जणू घरच्या माणसानं दार लावून घेतलं.

शुक्रवारी चार नंबरचा बिल्ला मावशींच्या मांडीवर पडून राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. "रुसला तुमचा बाइंडर," मावशी म्हणाल्या. "पुरुषमाणसाला ठणका सोसत नाही, बाळंतपण दिलं असतं तर जग केव्हाच ओस पडलं असतं." एरवी ताई हसल्या असत्या. एक वाजता त्यांनी पिशवीत पट्ट्या, कात्री, पाण्याची बाटली आणि थर्मामीटर भरलं, छोट्या डॉक्टरांना सांगितलं आणि कार्डावरचा पत्ता काढून निघाल्या. पेशंटच्या घरी त्या आजवर कधी गेल्या नव्हत्या.

दुकान खाली, खोली वर. जिन्यात खळीचा वास होता. दार उघडंच होतं. बाइंडर खुर्चीत बसला होता आणि त्याचा पाय पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेला होता. भिंतीलाही तशाच चळती. लोकांनी बांधायला दिलेली आणि परत न्यायला कुणी न आलेली पुस्तकं. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. पण ताई उंबऱ्यातच थांबल्या त्या पुस्तकांमुळं नाही. खळीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. त्यांच्या गॅलरीतला.

"या," तो ओशाळून म्हणाला. "मीच येणार होतो."

"तेल कुठून आलं?"

"तुम्हीच दिलंत. दुसऱ्या महिन्यात. छोटी बाटली, नंतर तीनदा भरून दिलीत."

दिली होती खरी. झोपताना कडेला एक थेंब, असं सांगून.

"दिवसातून किती वेळा लावता?"

"दोनदा." तो थांबला. "तीनदा."

"पट्टी उघडून?"

"पट्टी न उघडता कसं लावणार? बाइंडर आहे मी, जादूगार नाही."

"अकरा महिने?"

"दहा." त्याला हिशेब अचूक हवा होता.

ताई समोरच्या मोडक्या स्टुलावर बसल्या. दहा महिने रोज तीनदा ती जखम उघडली जात होती, गार केली जात होती, निजवली जात होती. दवाखान्यातल्या दोन वेळा त्यात कुठल्या कुठं बुडून गेल्या होत्या. "दुखत नव्हतं ना तुम्हाला? मग कशाला एवढं लावायचं?" त्यांचा आवाज चढला. आपला आवाज चढलेला ऐकून त्यांनाच नवल वाटलं.

बाइंडर पायाकडं बघत राहिला. "लावलं की वास येतो," तो म्हणाला. "वास आला की खोलीत कुणीतरी आहेसं वाटतं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. ताईंनी पिशवी उघडली, कोमट पाणी मागितलं आणि पट्टीवर सोडून थांबल्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. पट्टी सुटली तेव्हा जखम लाल होती, कडा गरम होत्या, मध्ये बारीक दाण्यांसारखं ओलं लाल मांस वर येत होतं. मंगळवारनंतर त्यानं तेल लावलं होतं का? लावलं होतं, एकदा, आज सकाळी, ठणका सोसवेना म्हणून. त्यांनी ताप पाहिला, नव्हता. लालीच्या कडेनं पेनाची रेघ ओढली.

"हे ठणकतंय ते काम चालू आहे म्हणून. पण लाली या रेघेच्या बाहेर गेली, ताप आला किंवा वास सुटला, तर तिथल्या तिथं दवाखान्यात यायचं, शुक्रवार-मंगळवार बघायचं नाही. आणि पट्टी मी सोडून कुणी उघडायची नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"ठणका वाईट आहे हो, ताई. दिवसभर तोच."

"असू दे. कण्हा मोठ्यानं. इथं कोण थापा मारणार आहे?"

ती थापांची गोष्ट त्याला कळली नाही, पण तो हसला. त्यांनी टेबलावरची बाटली उचलून पिशवीत टाकली. दाराशी पोचल्या तेव्हा तो मागून म्हणाला, "बाटली नेताय तर झाकण तरी ठेवा. त्याला वास आहे."

ताईंनी झाकण काढून पुस्तकांच्या चळतीवर ठेवलं. बाटलीच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबला आणि जिना उतरल्या.

नंतरचे आठवडे ड्रेसिंगच्या खोलीत आवाजाचे गेले. बाइंडर येई, कण्हे, शिव्या घाली. शिव्या बहुधा त्या लोखंडी पाटीला असत. मावशी बाहेरून ओरडत, "हळू! बाकीचे पेशंट पळून जातील!" तो सुईदोरा आणि मेण घेऊन आला आणि पाणी मुरेपर्यंतच्या वेळात नोंदवही शिवू लागला. आकडे हलू लागले. चार बाय अडीच. तीन बाय दोन. शेवटच्या रकान्यात ताईंनी त्या दिवसांत 'लाल' लिहिलं आणि तो शब्द लिहिताना त्यांचा हात थबकला नाही. सहाव्या आठवड्यात लाली ओसरली, काठांवरून पातळ गुलाबी कातडी आत सरकताना दिसू लागली. तेव्हा छोट्या डॉक्टर म्हणाल्या, "आता भोवतालच्या कोरड्या कातडीला तुमचं तेल लावा. आता चालेल." ताईंनी एकच थेंब लावला. बाइंडरनं डोळे मिटून घेतले.

दोन महिने पुरे व्हायला आले तेव्हा एका शुक्रवारी पट्टी काढल्यावर खाली मोजायला काही उरलं नव्हतं. पाच पैशांच्या नाण्याएवढी चकचकीत, गुलाबी खूण. नोंदवहीही शिवून झाली होती. निळ्या कापडाचा कणा, कोपऱ्यांना चामडं. ती उघडली की सपाट उघडत होती. ताईंनी शेवटच्या रकान्यात 'भरली' असं लिहिलं.

"मग मंगळवारी?" बाइंडरनं विचारलं.

ताईंनी कार्ड ओढलं. 'पुन्हा दाखवणे' या शब्दांपुढची जागा रिकामी होती. मंगळवार लिहिता आला असता. नवी कातडी नाजूक असते, आठवड्यानं पाहिली म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी चष्मा पुसला. पेन टेकवलं. 'एक महिन्यानं,' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"महिना?" तो म्हणाला.

"महिना. पट्टी नाही, काही नाही. धक्का लागू द्यायचा नाही. चालायचं भरपूर."

"कुठं?"

ताईंनी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं बूट घातले, दोन्ही पायांत; अकरा आणि दोन महिने तो एका पायात चप्पल घालून येत होता. दाराशी मावशींना बिल्ला परत देताना म्हणाला, "सांभाळा हो, चार नंबर." मावशींनी तो पदरानं पुसून बाजूला ठेवला.

मंगळवारी चार नंबर एका शाळकरी मुलीला मिळाला, गुडघा खरचटलेला. ताईंनी एप्रन इस्त्री केलेला घातला होता, सवय. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी गॅलरीतल्या झाडांची वाळकी फुलं काढायला घेतली आणि कात्री निसटून अंगठ्यावर बसली. रक्त आलं. त्यांनी नळाखाली धरलं, स्वच्छ कापड दाबून ठेवलं, रक्त थांबलं. मग हात आपसूक फडताळातल्या बाटलीकडं गेला. कागदाचा बोळा केव्हाच तेलानं भिजून गेला होता.

त्यांनी हात मागं घेतला. अंगठ्यावर एक साधी पट्टी बांधली आणि खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळानं अंगठा ठणकायला लागला, आधी बारीक, मग चांगलाच. "आई गं," त्या म्हणाल्या. रिकाम्या खोलीत ते जरा मोठ्यानंच ऐकू आलं. भिंतीपलीकडून कुणी थाप मारली नाही. बाटलीला झाकण नव्हतं, त्यामुळं दोन्ही खोल्यांत फुलांचा वास भरून राहिला होता. कॅलेंडरवर पुढच्या महिन्याचं पान अजून उलटायचं होतं. बाइंडरच्या कार्डावरच्या तारखेपर्यंतचे दिवस ताईंनी बसल्या जागेवरून मोजले. सव्वीस दिवस.